नव्या माशाचे विलगीकरण

शोभेसाठी जीव कोंडून ठेवणे आपल्या आचारात बसत नाही, असे मी नातवाला सांगितले होते. तरीही खाऱ्या पाण्याची पेटी घरात आली आणि आतील जिवांचे दायित्वही आले.

प्रवाळखडकांतून पकडून आणलेला ब्लू टँग आम्ही थेट पेटीत सोडला. काही दिवसांत त्याच्या अंगावर मिठाच्या कणांसारखे पांढरे ठिपके उमटले, आणि आपोआप मावळले. आम्ही निश्चिंत झालो. इथेच चूक झाली. क्रिप्टोकॅरियॉन हा परजीवी पुरेसा वाढला की माशाच्या अंगावरून गळून तळाशी कोष करतो. त्यातून निघालेले असंख्य जीव पुन्हा माशांना ग्रासतात. पंधरवड्यात पाचही मासे गेले.

म्हणून नवा मासा ४ ते ६ आठवडे वाळू व प्रवाळ नसलेल्या वेगळ्या पेटीत ठेवावा. कल्ल्यांची जलद उघडझाप, अंग घासणे, पर मिटणे, अन्न सोडणे ही लक्षणे बऱ्याचदा ठिपक्यांआधी दिसतात. ताम्रयुक्त औषध याच पेटीत, रोज प्रमाण मोजून द्यावे. मुख्य पेटीत ते प्रवाळांनाच मारते.

औषधाने परजीवीचीही हिंसा होते. तो दोष मी प्रतिक्रमणात आठवतो, औषध मात्र थांबवत नाही.