ड्रायर घेताना आधी प्रकार, मग ब्रँड

पावसाळ्यात मुंबई-कोकणात कपडे वाळता वाळत नाहीत आणि त्यांना कुबट वास येतो. तेव्हा ड्रायर घ्यायचा विचार होतो. आयएफबी, बॉश, एलजी यांची तुलना करण्याआधी यंत्राचा प्रकार ठरवा, कारण एकाच कंपनीची दोन यंत्रे वेगवेगळ्या पद्धतीने चालू शकतात.

व्हेंटेड ड्रायर गरम, दमट हवा नळीने बाहेर सोडतो. तो तुलनेने स्वस्त असतो, पण नळी खिडकीबाहेर काढायची सोय लागते. कंडेन्सर ड्रायर वाफेचे पाणी करून टाकीत साठवतो. ती टाकी रिकामी करावी लागते किंवा पाण्याची नळी मोरीत सोडावी लागते. हीट पंप ड्रायर हवेतली उष्णता पुन्हा वापरतो. त्याला साध्या कंडेन्सरच्या साधारण निम्मी वीज लागते आणि कमी तापमानामुळे कपडेही टिकतात. मात्र तो महाग असतो आणि वेळही जास्त घेतो. तरीही रोजच्या वापराला हाच घ्यावा.

त्यानंतर ब्रँड निवडा. तुमच्या गावात त्या कंपनीचे सर्व्हिस सेंटर आहे का, सुटे भाग मिळतात का आणि वॉरंटीत नेमके काय येते, हे लेखी विचारा. आर्द्रता ओळखणारा सेन्सर असेल तर कपडे वाळताच यंत्र थांबते. वॉशर-ड्रायर घेत असाल तर त्याची वाळवण्याची क्षमता सहसा धुण्याच्या क्षमतेपेक्षा कमी असते, हे लक्षात ठेवा.

ब्रँड कोणताही असो, लिंट फिल्टर दरवेळी साफ करा. साचलेले तंतू पेट घेऊ शकतात.