वालूरची बारव : गाळाखाली गेलेली आणि वर आलेली

सेलू तालुक्यातल्या वालूर गावात एक बारव आहे. तिच्या पायऱ्या सरळ खाली उतरत नाहीत, गोल वळसा घेत पाण्यापाशी नेतात. जुन्या शिल्पग्रंथांनी पायविहिरींचे प्रकार तोंडांवरून पाडले : एका तोंडाची नंदा, दोन तोंडांची भद्रा, तिनांची जया, चारांची विजया. ही चक्राकार बारव त्या कोष्टकात सहज बसत नाही. पाणी आटले की माणूसही एक वळण खाली उतरे. किती पायऱ्या उघड्या पडल्या, हे सगळ्या गावाला दिसे. नळाच्या तोटीत ते दिसत नाही.

मराठवाड्यातल्या पोरांनी पोहणे शिकावे ते विहिरी-बारवांतच. कमरेला वाळका भोपळा नाहीतर रिकामा डबा, दोराचे टोक काठावरच्या थोरल्याच्या हातात, आणि मागून एक धक्का. चार दिवसांनी डबा सुटायचा, मग सूर आणि मुटके. चैत्र-वैशाखातल्या दुपारी अशाच जायच्या.

पुढे पाणी दुरून यायला लागले. पूर्णेवर येलदरीचे धरण १९६८ मध्ये पूर्ण झाले, आणि नंतर सेलू तालुक्यातच, ब्रह्मवाकडीला, निम्न दुधना प्रकल्प उभा राहिला. धरणे हवीच होती. पण १९७२च्या दुष्काळानंतर गावोगाव बोअर खोल जात राहिले, तसे उथळ झरे आटले आणि बारवांकडे पाठ फिरली. त्यांत कचरा पडला, झुडपे वाढली. काळाला दोष देऊन भागणार नाही, कचरा आपणच टाकला. एप्रिल २०१६ मध्ये लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले, तेव्हाही मराठवाड्यातल्या कितीतरी बारवा गाळाने भरलेल्या होत्या.

वालूरकरांनी मात्र या दशकाच्या आरंभी फावडी-घमेली उचलली. रोहन काळे यांची महाराष्ट्र बारव मोहीम २०२० पासून राज्यभर बारवांची नोंद करत होती, त्या वातावरणाचे बळही मिळाले. श्रमदानाने गाळ निघाला आणि तो दगडी वळसा पुन्हा उजेडात आला. गावाच्या हातून झालेले हे काम मला फार मोठे वाटते.

आता लोक बारव पाहायला येतात. याच, पण आपल्या गावची बुजलेली बारव कुठे आहे, हेही घरातल्या म्हाताऱ्यांना विचारा. त्यांना अजून आठवते आहे तोवर विचारा.