आधी प्रश्न, मग यंत्र

एप्रिलची दुपार. पुण्यातल्या एका जीवशास्त्र संशोधन संस्थेचं तळघर. वरच्या मजल्यांवर मासे पाळतात, मुंग्यांची वारुळं सांभाळतात, पेशी वाढवतात. खाली कटिंग ऑइलचा वास आहे, त्यात कापलेल्या ऍक्रिलिकचा उग्र, गोडसर दर्प. धूर ओढणारा पंखा एका सुरात घोंघावतोय.

चपला दारातच अडवल्या जातात. पुढून बंद बूट असतील तरच आत. वेणी वर बांधायची, ओढणी खुंटीवर, डोळ्यांवर गॉगल. भिंतीवरच्या फळ्यावर यंत्रांची नावं आणि अर्ध्या-अर्ध्या तासाचे रकाने. लेझर कटरचे रकाने संध्याकाळी सहापर्यंत भरलेत. बाकावर तिघं बसलेत, मांडीवर लॅपटॉप, कपाळावर घाम. एसी एकच आहे, तो यंत्रांच्या बाजूला.

पहिला नंबर पीएच.डी. करणाऱ्या एका मुलीचा. तिला मुंग्यांसाठी चक्रव्यूह हवाय. 3 मिलिमीटर जाडीचं पारदर्शक ऍक्रिलिक, ड्रॉइंग तयार. कार्यशाळा सांभाळणारे काका ते नीट पाहतात. यंत्राकडे मात्र वळत नाहीत.

"हे पुसणार कशानं?"

"सत्तर टक्के अल्कोहोलनं, काका. नाहीतर आधीच्या मुंग्यांचा माग राहतो. नव्या त्याच वाटेनं जातात."

काका खण उघडतात. एक तुकडा काढून दिव्यासमोर धरतात. कापलेल्या कडेपासून आत बारीक भेगा गेल्यात, केसासारख्या. लेझरच्या उष्णतेनं कडेत ताण अडकून बसतो. अल्कोहोल लागलं की तिथेच तडे जातात. कापून झाल्यावर काही तास ओव्हनमध्ये, सुमारे 80 अंशांवर, मग सावकाश थंड. ती वहीत लिहून घेते आणि फळ्यावर लेझरच्या पुढे ओव्हनचाही रकाना भरते.

झाकणाखाली लेझर पुढे सरकू लागतो. तिनं तिथून हलायचं नाही, कारण ऍक्रिलिक पेट घेतं. लेझर थंड ठेवणाऱ्या चिलरवर 22 अंश. बाहेर ऊन 39च्या घरात. काका जाता-येता त्या आकड्यावर नजर टाकतात.

दुसऱ्याच्या काखेत काळी प्लास्टिकची शीट आहे. कुठल्या तरी खोक्यातून उरलेली.

"कसलं प्लास्टिक आहे?"

मुलाला माहीत नाही. काका त्याला बर्नरपाशी नेतात. तांब्याची तार लाल होईपर्यंत तापवतात, शीटच्या कोपऱ्यावर टेकवतात, पुन्हा ज्योतीत धरतात. ज्योत हिरवी होते. शीटमध्ये क्लोरीन आहे, बहुधा पीव्हीसी. लेझरखाली ही कापली तर हायड्रोजन क्लोराइडचा वायू सुटेल. तो फुप्फुसांना घातक, आणि यंत्राच्या पट्ट्या, आरसे, सगळं गंजवणारा. शीट परत जाते. मुलगा रॅकवरून ऍक्रिलिकचा तुकडा निवडतो, प्रयोगशाळेच्या खात्यावर नोंद करतो.

मी लेथकडे सरकते. चकमध्ये ऍल्युमिनियमचा जॉब फिरतोय, चकाकता कीस गुंडाळत खाली पडतोय. सूक्ष्मदर्शकाला कॅमेरा जोडायची कडी होतेय. एक इंच व्यास, इंचाला 32 आटे. शिकणाऱ्या मुलीचे हात सवयीनं हातमोज्यांच्या खोक्याकडे जातात. वर प्रयोगशाळेत हातमोजे सक्तीचे, लेथवर मनाई. मोजा अडकला तर यंत्र हात ओढून नेतं. चकची किल्ली आधी काढायची, मग बटण. ती दोन्ही वाक्यं पाठ म्हणावीत तशी मोठ्यानं म्हणते, तेव्हाच काका बाजूला होतात.

कडीच्या आतली बर, म्हणजे कापताना उरलेली धारदार कोर, काढून झाली की ती खराखुरा कॅमेरा फिरवून बघते. एक आटा, दुसरा, मग अडतो. पुन्हा टूल. पुन्हा कॅमेरा. आता शेवटपर्यंत जातो.

थ्रीडी प्रिंटरपाशी तिसरा उभा आहे. नळ्या ठेवायचा स्टँड, पीएलए प्लास्टिकचा. काकांचा प्रश्न ठरलेला: "ऑटोक्लेव्हमध्ये जाणार का?" जाणार. वाफेनं निर्जंतुक करणाऱ्या त्या यंत्रात 121 अंश असतात आणि पीएलए साठाच्या आसपासच मऊ पडतं. स्टँड पॉलिप्रॉपिलीनचा करायचा ठरतं.

वेळ संपताना प्रत्येकानं टेबल झाडायचं, लेझरखालची जाळी साफ करायची, रजिस्टरमध्ये मिनिटं लिहायची. काही तुटलं असेल तर तेही, नावासकट. नाव लिहिणाऱ्याला इथे कुणी रागावत नाही. लपवलेलं मोडकं टूल पुढच्याचा जॉब बिघडवतं, हे सगळ्यांना ठाऊक आहे.

काका हिरव्या ज्योतीच्या शीटचा एक कोपरा कापून घेतात. मुलगा चिठ्ठीवर कारण लिहितो आणि तुकडा खणात टाकतो. आत वाकलेले स्टँड, तडकलेल्या पेट्या, चुकीच्या आट्यांच्या कड्या, प्रत्येकीला चिठ्ठी. यंत्रं अनुदान मिळालं की विकत आणता येतात. हा खण माणसांनी एकमेकांना विचारत, सांगत भरावा लागतो. सामायिक कार्यशाळेची खरी मालमत्ता हीच आहे.