एक एकर, तिच्या निर्णयाचे

मराठवाड्यातील ‘एक एकर शेती’ ही पद्धत घरच्या जमिनीतील अर्धा ते एक एकर तुकडा बाईच्या निर्णयावर सोपवते. 1993च्या भूकंपानंतर लातूर-धाराशिव भागात पुनर्वसनाच्या कामात उतरलेल्या स्वयं शिक्षण प्रयोग या संस्थेने ती गावोगावी रुजवली. संस्थेला 2016 मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या विकास कार्यक्रमाचा इक्वेटर पुरस्कार मिळाला.

सोयाबीन किंवा ऊस विकून रोख पैसा येतो, पण पाऊस हुकला किंवा भाव पडला की किराणा उधारीवर येतो. या तुकड्यात मात्र आधी घरचे ताट पाहिले जाते: खरिपात मूग, उडीद, तूर, बाजरी, रब्बीत ज्वारी, हरभरा, आणि पाणी असेल तेवढ्या वाफ्यांत मेथी, शेपू, गवार, दोडका. एक पीक गेले तरी दुसरे हाती लागते. कडधान्याच्या मुळांवरील गाठी हवेतील नत्र जमिनीत स्थिर करतात, ज्वारीचा कडबा जनावरांना होतो, त्यांचे शेण गांडूळखताला. उरलेली भाजी आठवडी बाजारात जाते आणि तो पैसा बाईच्या हातात राहतो.

खरी अडचण सातबाऱ्याची आहे. 2015-16च्या कृषिगणनेनुसार देशातील वहितीधारकांत स्त्रिया सुमारे 14 टक्केच होत्या. उताऱ्यावर नाव नसेल तर पीककर्ज मिळणे अवघड जाते. मुलींना वडिलोपार्जित मालमत्तेत समान हक्क देणारी सुधारणा महाराष्ट्राने 1994 मध्येच केली; त्याआधी शेतकरी संघटनेच्या ‘लक्ष्मीमुक्ती’ मोहिमेत अनेक शेतकऱ्यांनी आपली काही जमीन पत्नीच्या नावे केली होती.