विभवांतर कोणत्या दोन टोकांमधले?

चंद्रपूरहून ठाणे जिल्ह्यातील पडघ्यापर्यंत 752 किलोमीटर लांबीची वीजवाहिनी 1999 पासून कार्यरत आहे. दिष्ट धारेने 1500 मेगावॉटपर्यंत वीज ती मुंबईच्या दिशेने वाहून नेते. एका तारेवर अधिक 500 आणि दुसरीवर उणे 500 किलोव्होल्ट, म्हणजे दोहोंमध्ये 1000 किलोव्होल्ट.

इतका दाब कशासाठी? वाटेतील हानी कमी व्हावी म्हणून. येथेच अभियांत्रिकीचा विद्यार्थी अडखळतो. विभवांतराच्या वर्गाला रोधाने भागले की शक्ती मिळते, हे सूत्र त्याला पाठ असते. मग दाब वाढल्यावर हानीही वाढावयास हवी! सूत्र खरे, आकडेमोड अचूक, आणि निष्कर्ष मात्र उलटा. असा गैरसमज हुशार मुलांमध्येच अधिक घट्ट बसतो, कारण त्याच्या पाठीशी सूत्र असते.

‘चूक’ म्हणून वहीवर रेघ ओढल्याने तो निघत नाही. त्या मुलालाच त्याचा हिशेब शेवटपर्यंत करू द्यावा. उदाहरणापुरता दोन्ही तारांचा मिळून रोध 20 ओहम धरला, तर त्याच्या रीतीने हानी येते 50,000 मेगावॉट. पाठविले 1500, आणि वाटेत सांडले 50,000! असा ताळेबंद कोणताही हिशेबनीस मान्य करणार नाही. विद्यार्थी येथे स्वतःहून थांबतो, आणि हे थांबणेच मोलाचे.

आता त्याला एवढेच विचारावे : हे विभवांतर कोणत्या दोन टोकांमधले? 1000 किलोव्होल्ट दोन तारांमधले आहेत. तारेच्या चंद्रपूरच्या आणि पडघ्याच्या टोकांमधले नव्हेत. धारा 1500 अँपिअर, म्हणून तारांतील एकूण घट अवघी 30 किलोव्होल्ट आणि हानी 45 मेगावॉट. तेच जुने सूत्र हा 30 चा आकडा घालून तपासले, तरी उत्तर 45 च येते. दाब निम्मा केला असता तर तेवढ्याच शक्तीसाठी धारा दुप्पट आणि हानी चौपट, म्हणजे 180 मेगावॉट झाली असती.

सिरोंचा, अहेरी वा भामरागडकडून येणाऱ्या आणि मराठी माध्यमातून शिकलेल्या मुलांना इंग्रजीतील अभियांत्रिकी जड जाते, ही तक्रार खोटी नाही. परंतु ‘व्होल्टेज’ या शब्दात जे दिसत नाही, ते त्यांच्या शालेय पुस्तकातील ‘विभवांतर’ या शब्दात उघड लिहिलेले आहे : अंतर. अंतर म्हटले की दोन टोके आलीच. शिक्षकाने फळ्यावर तारेची ती दोन टोके काढावीत आणि खडू विद्यार्थ्याच्या हाती द्यावा.