हाली रुपयावरची सराफी खूण

परभणी जिल्हा १९४८ पर्यंत निजामाच्या हैदराबाद राज्यात होता आणि या राज्याने इंग्रजी अमदानीतही स्वतःचे नाणे पाडण्याचा हक्क राखला होता, त्यामुळे येथील व्यवहारात दोन रुपयांची नावे शेजारी शेजारी नांदत असत: यंत्रावर पाडलेला इंग्रजी रुपया तो ‘कलदार’ आणि हैदराबादचा तो ‘हाली सिक्का’, म्हणजे चालू नाणे. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धातील हाली रुपयात चांदी सुमारे ८२ टक्के, तर कलदारात सुमारे ९२ टक्के असल्याने, सहा कलदारांना सात हाली असा दर अखेरीस ठरला. हाली चलन १९५९ मध्ये कायमचे रद्द झाले.

नाणेसंग्रहाच्या छंदात टोकन, पदक आणि ठसांकित नाणे अशी एक वेगळी शाखा आहे. टोकन म्हणजे ठरावीक जागेपुरती किंवा कामापुरती चालणारी खासगी चकती. पदक गौरवासाठी किंवा स्मरणासाठी पाडलेले, चलनाशी संबंध नसलेले. आणि ठसांकित नाणे म्हणजे टांकसाळीतून बाहेर पडल्यानंतर ज्याच्यावर दुसऱ्या कोणी आपली खूण उमटवली असे नाणे. यांपैकी तिसरा प्रकार सर्वांत बोलका आहे आणि परभणीच्या संग्राहकाला तो सर्वांत जवळचाही आहे.

एकोणिसाव्या शतकातील हाली रुपया बव्हंशी हातोड्याने पाडलेला असून, ठसा चकतीपेक्षा मोठा असल्यामुळे त्यावरचा फारसी मजकूर कडेला तुटलेला दिसतो. भिंगाखाली धरल्यास या मजकुरावरच कोठे चांदणी, कोठे ठिपक्यांचे फूल, कोठे नुसता खोल टोचा आढळतो. या सराफांच्या खुणा होत. सराफ रुपया वाजवून पाही, वरच्या चांदीखाली तांबे दडवले आहे की काय हे टोचा मारून तपासी, आणि नाणे झिजलेले किंवा हिणकस निघाले तर त्यावर बट्टा, म्हणजे दर्शनी किमतीतील कपात, आकारी. अशा रुपयाला आजचा बाजार डागी समजून कमी भाव देतो. अभ्यासाच्या दृष्टीने हा सरळ अन्याय आहे, कारण टांकसाळीची छाप राज्यकर्त्याचे नाव सांगते, तर हा टोचा रुपया बाजारात खरोखर पारखला गेल्याची साक्ष देतो.

महाराष्ट्रात ठसांकित नाण्यांचा सर्वांत मोठा पुरावा नाशिक जिल्ह्यातील जोगळटेंभी येथे १९०६ मध्ये मिळाला. तेथील साठ्यात क्षत्रप नहपानाची तेरा हजारांहून अधिक चांदीची नाणी होती, आणि त्यांपैकी नऊ हजारांहून अधिक नाण्यांवर गौतमीपुत्र सातकर्णीने आपला ठसा उठवला होता. नहपानाच्या चेहऱ्यावर तीन कमानींची टेकडी बसलेली आणि तिच्या कडेने जुनी ग्रीक अक्षरे अजून डोकावत असलेली, असे हे नाणे हातात घेतले की सत्तांतर बोटाने चाचपता येते. इंग्लंडमध्येही १७९७ साली चांदीच्या टंचाईत स्पेनच्या डॉलरवर तिसऱ्या जॉर्जचे लहानसे मस्तक ठोकून तो चालवण्यात आला.

टोकनांपैकी रामटंका अनेक देवघरांत असतो. एका बाजूस रामपंचायतन आणि दुसरीकडे बहुधा हनुमान किंवा राम-लक्ष्मण असलेला हा पूजेचा टाक असून, त्यावरचे जुने संवत पाहून तो तितकाच प्राचीन मानणे चुकीचे ठरते. चमत्कारी म्हणून मोठ्या किमतीला विकले जाणारे रामटंके तर घेऊच नयेत.

नवख्या संग्राहकाचा पहिला मोह नाणे घासून लखलखीत करण्याचा असतो, आणि त्यात सराफाची उथळ खूण कायमची पुसली जाते. मोडीत गेलेला रुपया तर वितळून चांदीच होतो. शेतात किंवा पायाच्या खोदकामात मिळालेली नाणी मात्र परस्पर ठेवता येत नाहीत. १८७८ च्या गुप्तधनविषयक कायद्यानुसार दहा रुपयांहून अधिक किमतीचे पुरलेले धन सापडल्यास जिल्हाधिकाऱ्यांना लेखी कळवावे लागते. घरातल्या किंवा विकत घेतलेल्या नाण्याच्या पाकिटावर ते कोणत्या गावातून आले आणि त्यावर कोणती खूण आहे, एवढी ओळ लिहून ठेवावी. सात ठिपक्यांचे एकच फूल परभणी जिल्ह्यातील सेलूच्या आणि मानवतच्या रुपयांवर आढळले, तर ते उमटवणारी पेढी कोणत्या बाजारांतला पैसा पारखत होती, याचा माग तेथून काढता येतो.