भंगारातील फोर व्हील जीप आणि सुट्या भागांची पारख

मुंबईत माझगाव येथे १९४० च्या दशकाच्या अखेरीस महिंद्राने अमेरिकी विलीज कंपनीच्या जीपगाड्यांची जुळणी सुरू केली, आणि पुढे सीजे-३बी, एमएम ५४० अशा नावांनी त्याच घराण्यातील गाड्या कित्येक दशके घाटवाटांवर, वनखात्यात, धरणांच्या बांधकामांवर आणि वडापच्या धंद्यात राबत राहिल्या. त्यांपैकी बऱ्याच आता मोडीत निघाल्या असून भंगाराच्या व्यवहारात त्यांची किंमत किलोवर ठरते. जो एखादी जुनी जीप चालती ठेवू पाहतो, त्याचा हिशेब मात्र वेगळा असतो. कोणता भाग बाजारात नवा मिळतो, कोणता मिळत नाही, आणि न मिळणाऱ्या भागाची प्रकृती गाडी खोलण्यापूर्वी कितपत जोखता येते, यावर त्याची निवड ठरते. रंग टिकलेला दरवाजा किंवा चकाकणारे बंपर पाहून भाग उचलणारा मनुष्य बहुधा तीच वस्तू घरी नेतो, जी त्याला पत्रेकाम करणाऱ्याकडून सहज नवी करून घेता आली असती.

पारखण्याचे बरेचसे काम पाना हाती घेण्यापूर्वी करावे लागते, कारण जोडलेल्या अवस्थेत जे दोष सहज उमगतात ते भागांचा ढीग झाल्यावर लपतात. गाडी हाताने ढकलून गिअर एकेक करून टाकून पाहावेत, चाके जॅकवर उचलून फिरवावीत आणि त्या वेळी कान अॅक्सलच्या हाउसिंगला, म्हणजे आतील दंतचक्रांना सामावून घेणाऱ्या बिडाच्या फुगीर पेटीला, लावून ठेवावा. त्यानंतर हाउसिंगच्या तळाचा बोल्ट सैल करून थोडे तेल हातावर घ्यावे. ते दुधाळ दिसले, तर ओढ्यानाल्यांतून जाताना आत पाणी शिरले असून बेअरिंगांवर गंज चढलेला असण्याची दाट शक्यता असते. तेलात बोटांना जाणवेल न जाणवेल अशी बारीक करडी पूड असणे ही नेहमीची झीज होय, परंतु एखादी खपली किंवा दाताचा तुकडा सापडला, तर ते हाउसिंग वजनाच्या भावाने दिले तरी महागच पडते.

सर्वांत अधिक वेळ पुढच्या अॅक्सलवर द्यावा. फोर व्हील गाडी म्हणजे जिच्या चारही चाकांना इंजिनची ताकद पोहोचते अशी गाडी. पण प्रवासी वाहतुकीसाठी धावलेल्या बहुसंख्य जीपगाड्या टू व्हील होत्या आणि त्यांच्या पुढच्या चाकांमध्ये केवळ साधा लोखंडी दांडा असे, त्यामुळे जुन्या जीपचे सांगाडे पुष्कळ असले तरी चालता पुढचा अॅक्सल त्या मानाने फार थोड्यांत मिळतो. या अॅक्सलच्या दोन्ही टोकांना एकेक पोकळ लोखंडी गोळा असतो, ज्याच्या आत चाक वळत असतानाही त्याला फिरते ठेवणारा जॉईंट बसवलेला असतो आणि ज्याच्या बाहेरून ऑईल सील घासत सरकते. गोळ्याचा पृष्ठभाग गुळगुळीत असेल तर सील नवे घालून भागते. मात्र त्यावर गंजाचे खड्डे पडले असतील, तर नवे सीलही लवकरच फाटते, ग्रीस बाहेर आणि चिखलपाणी आत अशी ये-जा सुरू होते, आणि मग आतील जॉईंट कितीही चांगला असला तरी टिकत नाही. कोकणपट्टीत वापरलेल्या गाडीत खाऱ्या हवेमुळे हे खड्डे हमखास शोधावेत. देशावरच्या कोरड्या मुलखातील गाडीचा पत्रा टिकलेला दिसतो, पण तिच्या हबमध्ये आणि सिलिंडरांमध्ये धुळीने केलेली झीज तपासल्याखेरीज तिच्यावर विसंबू नये.

चाक वरून आणि खालून धरून हलवले असता ढिलाई जाणवली, तर ती चाकाच्या बेअरिंगची आहे की चाक ज्या खिळीवर वळते त्या किंगपिनची, हे ओळखण्याची फिटरांची रीत सोपी आहे. ब्रेक धरत असतील तर सोबत्याला पेडल दाबून ठेवायला सांगावे आणि चाक पुन्हा हलवावे. ढिलाई नाहीशी झाली तर दोष चाकाच्या बेअरिंगचा असतो, तशीच राहिली तर किंगपिनचा. दोन्ही दोष दुरुस्त होण्याजोगे आहेत. वाकलेली अॅक्सलची नळी सरळ करून वापरणे मात्र धोक्याचे असल्यामुळे, नळीवर वेल्डिंगची जुनी खूण किंवा घडी दिसली की पुढची तपासणी थांबवणेच शहाणपणाचे ठरते.

यानंतर गुणोत्तराचा प्रश्न येतो, आणि सर्वाधिक पैसे याच ठिकाणी वाया जातात. अॅक्सलमधील मोठ्या दंतचक्राला क्राऊन आणि त्याला फिरवणाऱ्या लहान दंतचक्राला पिनियन म्हणतात. क्राऊनचे ४३ आणि पिनियनचे ८ दात असल्यास गुणोत्तर सुमारे ५.३८ येते, तर ३९ आणि ८ दात असल्यास सुमारे ४.८८, आणि बाहेरून हाउसिंग सारखेच दिसत असल्याने आतील फरक डोळ्यांना कळत नाही. या गाड्यांत फोर व्हील टाकल्यावर पुढचा आणि मागचा असे दोन्ही प्रॉपेलर शाफ्ट एकाच गतीने फिरतात, म्हणून दोन अॅक्सलांची गुणोत्तरे वेगळी असली तर पुढची आणि मागची चाके एकमेकांशी झगडू लागतात व अखेरीस एखादा शाफ्ट किंवा दात तुटतो. ओळख पटवण्यासाठी गिअर न्यूट्रलमध्ये ठेवून, पुढच्या अॅक्सलचे हब लॉक करून, एक चाक जमिनीवर आणि दुसरे उचललेले असताना उचललेले चाक बरोबर दोन फेरे फिरवावे आणि प्रॉपेलर शाफ्टवर खडूची खूण करून त्याचे फेरे मोजावेत. दोनच फेरे घेण्याचे कारण असे की एकच चाक फिरत असताना डिफरन्शियल, म्हणजे दोन चाकांना वेगवेगळ्या गतीने फिरू देणारी यंत्रणा, क्राऊनला निम्मीच गती देते. शाफ्टचे पाचाहून थोडे अधिक फेरे झाले तर पहिली जोडी, पाचाला थोडे कमी पडले तर दुसरी.

क्राऊन आणि पिनियन कारखान्यात एकमेकांवर घासून जुळवलेले असल्याने ती जोडी कधीही फोडू नये; एका गाडीचा क्राऊन आणि दुसरीचा पिनियन घेणाऱ्याला अॅक्सलचे हुंकारणे कायमचे ऐकावे लागते. बेअरिंगांवरच्या टोप्यांचेही तसेच आहे. त्या हाउसिंगला लावूनच आतून कातलेल्या असतात, त्यामुळे डावी टोपी उजवीकडे किंवा एका हाउसिंगची दुसऱ्यावर बसत नाही.

ट्रान्सफर केस, म्हणजे गिअरबॉक्सला जोडलेली आणि ताकद पुढे-मागे वाटून देणारी पेटी, अॅक्सलच्या खालोखाल मोलाची असते. तिच्यातील लो गिअर चाकांची गती सुमारे अडीचपट कमी करून जोर तेवढाच वाढवतो, आणि चिखलातून किंवा खड्या चढावरून गाडी निघते ती याच्या बळावर. जुन्या पेट्यांत मधल्या गिअरचा शाफ्ट ज्या भोकात बसतो ते भोक झिजून मोठे होते व तेथून तेल झिरपत राहते. गिअर आणि बेअरिंगे बदलता येतात, पण बिडाची झिजलेली पेटी पुन्हा मापात आणणे खर्चाचे काम असल्यामुळे आधी ते भोक पाहावे. मागच्या शाफ्टची जागा या पेट्यांत एका बाजूला सरकलेली असते आणि मागच्या अॅक्सलचे हाउसिंगही त्याच बाजूला असते, म्हणून मध्यावर हाउसिंग असलेल्या गाडीसाठी ही पेटी निरुपयोगी होय.

इंजिनकडे बहुतेकांची नजर आधी जात असली, तरी प्रस्तुत यादीत त्याला खालचे स्थान देणे योग्य आहे. एमएम ५४० मधील प्यूजोचे डिझेल इंजिन एक्सडीपी ४.९० या नावाने ओळखले जाते, ज्यात ४ हा आकडा सिलिंडरांचा आणि ९० हा त्यांच्या मिलिमीटरमधील व्यासाचा आहे. इंजिन हाताने फिरते का, हेड सरळ आहे का आणि ऑईलमध्ये पाणी आहे का, एवढे पाहणे पुरे. कारण इंजिन बदलले की तो बदल परिवहन कार्यालयाकडून नोंदणी प्रमाणपत्रात चढवून घ्यावा लागतो आणि कागद नसलेले इंजिन यांत्रिकदृष्ट्या कितीही निरोगी असले तरी घेण्याच्या लायकीचे नसते.

ब्रेकचे होज, टायरॉडचे बॉल जॉईंट आणि पाटे कसून धरणारे यू-बोल्ट जुने कधीच वापरू नयेत, कारण ताणलेला यू-बोल्ट आणि आतून कुजलेले रबर यांचा दोष बाहेरून दिसत नाही आणि तो कळतो तेव्हा गाडी घाटात असते. याउलट ट्रान्सफर केसच्या लिव्हर, त्यांच्या पिना, लिंक, ब्रॅकेट आणि पुढे पडणाऱ्या काचेच्या चौकटीच्या बिजागऱ्या या किरकोळ दिसणाऱ्या वस्तू आवर्जून घ्याव्यात, कारण मोठा भाग असूनही त्यांच्यावाचून अडून बसलेल्या गाड्या गॅरेजांमध्ये थोड्या नाहीत. प्रत्येक भागाचे बोल्ट त्याच भागाबरोबर बांधून ठेवावेत. मूळ जीपच्या भागांचे आटे इंची मापाचे आणि प्यूजो इंजिनचे मिलिमीटरी असल्याने, एकाच गाडीतील दोन सारखे दिसणारे बोल्ट अदलाबदल झाले की भोकातील आटे जातात.

मोटार वाहन अधिनियम १९८८ च्या कलम ५५ नुसार निकामी झालेल्या गाडीची माहिती मालकाने १४ दिवसांत नोंदणी प्राधिकरणाला द्यावयाची असते, आणि २०२१ च्या नियमांनी नोंदणीकृत मोडतोड केंद्रांची व्यवस्था केली आहे. म्हणून कोणताही भाग उचलण्यापूर्वी गाडीची कागदपत्रे पाहावीत आणि घेतलेल्या भागाची पावती जपून ठेवावी. भंगार व्यावसायिकांना मात्र एक विनंती करावीशी वाटते. फोर व्हील जीप तोडताना गॅस कटर अॅक्सलच्या नळीवर किंवा पाट्यांवर चालवू नये, कारण त्या आचेने पाट्याच्या पोलादाचे पाणी उतरते आणि कापलेली नळी पुन्हा वापरता येत नाही. शॅकलचे, म्हणजे पाटा चासीला जोडणाऱ्या कडीचे, गंजलेले बोल्ट कापले तर पुढचा अॅक्सल दोन्ही हब, प्रॉपेलर शाफ्ट आणि पाट्यांसह अखंड निघतो, आणि तसा अखंड निघालेला अॅक्सल विकत घेणारा मनुष्य किलोच्या भावावर अडून बसत नाही.